सिंधूचा राग येतो, म्हणून नाटक सोडायचं?

ठाण्याच्या पाचपाखाडीत राहणाऱ्या एका अभिनेत्रीचं पत्र आलं आहे. वय 34. बारा वर्षं त्या संगीत नाटकांत कामं करत आहेत. सुरुवात ‘सौभद्र’मधल्या सुभद्रेपासून झाली. मग ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘संशयकल्लोळ’ची रेवती, आणि गेली काही वर्षं ‘एकच प्याला’तली सिंधू. घरी नवरा, सासूबाई आणि पहिलीत जाणारी मुलगी. नाट्यसंस्था मनापासून काम करते, पण गेल्या वर्षी सगळी नाटकं मिळून जेमतेम डझनभर प्रयोग झाले. हातखर्च गाण्याच्या शिकवण्यांवर चालतो. आता घोडबंदर रोडला चित्रीकरण असलेल्या एका दैनंदिन मालिकेत नायिकेच्या मोठ्या जावेची भूमिका आली आहे. महिन्याला वीस दिवस काम, करार किमान एक वर्षाचा. नवरा आणि सासूबाई म्हणतात, घेऊन टाक. ज्यांच्याकडे त्या गाणं आणि भूमिका दोन्ही शिकल्या त्या बाई म्हणतात, “मालिकेत गेलीस की गळा गेला, आणि सुभद्राही गेली.” मध्यंतरी एका प्रायोगिक नाटकाच्या वाचनाला त्या गेल्या, तर दिग्दर्शक म्हणाला, बोलणं फार नाटकी वाटतं. त्या लिहितात, “जुन्या भूमिका करता करता मीच संग्रहालयातली वस्तू झाले की काय? आता नाही निघाले तर कधीच निघणार नाही, आणि निघाले तर बाईंशी गद्दारी.” पत्राच्या शेवटी ता. क. आहे: “सिंधू करताना हल्ली मला तिचा राग येतो. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.”

———

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नवरा काय म्हणतो, सासूबाई काय म्हणतात, बाई काय म्हणतात, तो दिग्दर्शक काय म्हणाला, हे सगळं तुम्ही नीट मांडलं आहे. पण रंगमंचावर उभ्या असताना तुमचं काय होतं, याबद्दल एकच ओळ आहे आणि तीही ता. क. मध्ये. माझ्या मते खरं पत्र तेच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. मालिकेचं नंतर बघू.

सिंधूचा राग येतो हे तुम्ही एखादा गुन्हा कबूल करावा तसं लिहिलं आहे. आजच्या काळातल्या बाईला तो येणारच. नवरा दारूपायी संसार धुळीला मिळवतो, लेकराचा जीव घेतो, आणि ही मरता मरता त्याला वाचवायला फौजदारासमोर खोटं बोलते. समोर बसलेल्या प्रेक्षक बायकांपैकी निम्म्या जणी तेव्हा खुर्चीत अस्वस्थ होतात. पुरुषही होतात, फक्त ते मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत तसं बोलत नाहीत. तुम्ही गृहीत धरलं आहे की राग येतो म्हणजे या भूमिकेशी आपलं नातं संपलं. मला तर वाटतं, बारा वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही तिच्याकडे बाईंच्या नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लागल्या आहात.

तुम्हाला शिकवलेली सिंधू कुठून आली ते जरा आठवून बघा. ‘एकच प्याला’ लिहिणारे राम गणेश गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले आणि नाटक रंगमंचावर आलं ते फेब्रुवारीत. लेखकाने आपली सिंधू उभी राहिलेली पाहिलीच नाही. ती उभी केली बालगंधर्वांनी. त्याआधी सुभद्रा, शकुंतला केल्या त्या भाऊराव कोल्हटकरांनी. म्हणजे आपल्या अभिजात नायिकांचं चालणं, पदर सावरणं, मान खाली घालून बोलणं हे आधी पुरुषांनी ठरवलं, लोकांनी ते डोक्यावर घेतलं, आणि मग बायका रंगमंचावर आल्या तेव्हा त्या बायका कशा दिसतात हे पुरुषांकडून शिकल्या. बालगंधर्वांची थोरवी याने तसूभर कमी होत नाही. पण तुमच्यापर्यंत जी सिंधू पोचली ती गडकऱ्यांच्या कागदावरची किती आणि शंभर वर्षांच्या सवयीची किती, हे कधी वेगळं करून पाहिलं आहे का?

आणखी एक गोष्ट. ‘एकच प्याला’तली पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. तुमच्यासारखी गाणारी नटी साहजिकच सिंधूला पदांमधून शोधते, कारण टाळी तिथे मिळते, वन्स मोअर तिथे येतो. गडकऱ्यांची सिंधू मात्र गद्यात आहे. श्रीमंत माहेर असताना तिकडची मदत न घेता दुसऱ्यांची दळणं दळणारी बाई ही रडूबाई असेल का? मला ती हट्टी वाटते, चुकीच्या जागी हट्टी, पण हट्टीच. फौजदारासमोरचं तिचं खोटं हाही एक निर्णय आहे. तो आपल्याला पटो न पटो, तो तिने घेतलेला आहे. तुम्ही ती निर्णय घेणारी बाई करायला लागलात तर तुमचा राग कुठे लपवायची गरज उरणार नाही.

एक करून बघा, फार अवघड नाही. दळणाच्या प्रवेशात तुमचे हात काय करतात? बहुतेक प्रयोगांत मी पाहते ते असं: नटी खुंट्याला हात लावते, दोन फेरे फिरवते, वाक्य आलं की हात थांबतो, नजर प्रेक्षकांवर जाते आणि आवाज कापरा होतो. पुढच्या तालमीत जातं थांबवू नका. बोलणं चालू, फिरवणं चालू. मूठभर दाणे वैरतानाच वाक्य तोडा. जो राग तुम्हाला येतो तो त्या खुंट्यावर जाऊ द्या आणि शब्द अगदी साधे, कोरडे येऊ द्या. गडकऱ्यांची वाक्यं लांबलचक, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हे नव्याने बसवावं लागेल. जात्याच्या फेऱ्यावर श्वास बसला की ती वाक्यं आपोआप ‘नाटकी’ वाटेनाशी होतात. संस्थेच्या दिग्दर्शकाला आधी सांगायलाच पाहिजे असं नाही. एका तालमीत करून दाखवा, ओरडला तर तेव्हा बघू.

आता ‘संग्रहालयातली वस्तू’. या शब्दामागे असं गृहीतक आहे की या सगळ्या नायिका सोशिक, आणि त्या करता करता आपणही तशाच होऊन बसलो. नीट बघा हो. तुमची सुभद्रा दुर्योधनाशी ठरलेलं लग्न नाकारते. तुमची रुक्मिणी भावाला न जुमानता कृष्णाला पत्र धाडते. ‘विद्याहरण’ची देवयानी तर बापालाही ऐकत नाही. ‘मानापमान’ची भामिनी नवरा म्हणून गरीब माणूस नको असं तोंडावर सांगते आणि पुढे स्वतःच्या त्या मताची परीक्षाही स्वतःच घेते. घरच्यांच्या इच्छेविरुद्ध वागणाऱ्या इतक्या बायका एका मालिकेत सापडल्या तर मला जरूर कळवा. सोशिकपणा संहितेत फार थोडा आहे, बसवण्याच्या पद्धतीत मात्र भरपूर आहे.

त्या प्रायोगिक दिग्दर्शकाचं म्हणणं मात्र झटकून टाकू नका. रागावून सोडून देण्यासारखं ते नाही. हजार माणसांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय असलेला आवाज पन्नास माणसांच्या खोलीत मोठाच वाटतो. हा दोष नाही, पण तो आवाज खाली आणता येणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते तुम्ही अजून कमावलेलं नाही, असं दिसतं. ज्योत्स्ना भोळे 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या वास्तववादी नाटकात उभ्या राहिल्या आणि 1942 मध्ये ‘कुलवधू’ त्यांच्या गाण्याने गाजलं. त्या ‘कुलवधू’ची नायिका सिनेमात काम करणारी बायको आहे, म्हणजे तुमच्या घरातला वाद मराठी रंगभूमीने तेव्हाच मांडून ठेवला होता. विजया मेहतांनी प्रायोगिक नाटकं केली आणि ‘शाकुंतल’, ‘मुद्राराक्षस’ही केली. दोन्ही वाटा चालणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. त्या दिग्दर्शकाला फोन करा आणि म्हणा, मला तुमच्या नाटकात काम नको, सिंधूची गद्यातली दोन पानं तुमच्या खोलीत वाचून दाखवते, कुठे खटकतं ते सांगा. बहुतेक तो हो म्हणेल. अशी विनंती त्यांच्याकडे कुणी घेऊन जात नाही.

‘आता नाही तर कधीच नाही’ या वाक्यावर मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. मालिकेच्या दुनियेत ते खरं असेलही. चौतिसाव्या वर्षी तुम्हाला मोठी जाऊ दिली आहे, चाळिशीत सासू देतील. पण तुम्ही ज्या नाटकांत आहात तिथे पुढचा जिना तयार आहे आणि तुमचं तिकडे लक्ष गेलेलं नाही. रेवती झाली, आता ‘संशयकल्लोळ’ची कृत्तिका बघा. फाल्गुनरावाची संशयी बायको करायला गळा कमी आणि टायमिंग जास्त लागतं, आणि ते टायमिंग चाळिशीतच येतं. ‘शारदा’तली इंदिराकाकू आहे. पोटच्या पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला नवरा आणि मधल्या मध्ये ही. शारदेपेक्षा तिचं दुःख मला जास्त गुंतागुंतीचं वाटतं, आणि नेमकी ती भूमिका प्रयोगात कुणालातरी उरकायला दिलेली असते. ‘सौभद्र’मध्येही रुक्मिणी आहेच. बालगंधर्व पन्नाशी ओलांडल्यावरही नायिका करत होते, ते मी तुमच्यासमोर आदर्श म्हणून ठेवत नाही. गाण्यासाठी लोकांनी ते सोसलं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी बाईंच्या बाजूची. तशी नाही. शिलेदारांचं घराणं सगळ्यांच्या तोंडी असतं, तुमच्या बाईंच्याही असेल. जयमालाबाई आणि कीर्ती शिलेदार आयुष्यभर संगीत नाटकात राहिल्या. कीर्तीताई 2018 मध्ये आपल्या शेजारीच मुलुंडला झालेल्या 98व्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष होत्या. पण एक फरक लक्षात घ्या, त्यांची स्वतःची नाटक कंपनी होती. कुठलं नाटक काढायचं, दौरा कुठे न्यायचा, कुठली भूमिका कुणी करायची हे घरात ठरत होतं. तुमच्या हातात यातलं काहीच नाही. वर्षाला डझनभर प्रयोगांत नटी टिकते, वाढत नाही. दोन प्रयोगांमध्ये महिना जातो, पुढची तालीम म्हणजे विसरलेलं आठवायची तालीम. अशा परिस्थितीत ‘निष्ठा’ हा शब्द तुमच्याकडून फुकट काम करून घेतो. मी बाईंना दोष देत नाही. त्यांचा काळ वेगळा होता, तेव्हा प्रयोग होते.

गळ्याबद्दल बाई बरोबर बोलताहेत आणि चूकही. मालिकेने गळा जात नाही. बारा तास एसीत बसून, रात्री उशिरा जेवून, सकाळी रियाज चुकवून तो जातो. घोडबंदरला सकाळी सातची वेळ असेल तर माजिवडा, मानपाडा ओलांडायलाच किती वेळ जाईल ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. म्हणजे पहाटेचा खर्जाचा, खालच्या सुरांच्या रियाजाचा, अर्धा तास घरी होणार नाही, तो गाडीत किंवा मेकअपरूममध्ये करावा लागेल. लाज वाटेल, पण करावा लागेल. तुमचं काळी चारच्या पट्टीतलं गाणं वर्षभर न गाता तसंच राहील, असं कुठल्याच गळ्याच्या बाबतीत होत नाही.

मग घ्यायची का मालिका? घ्या, पण एका अटीवर: महिन्यातले चार रविवार तुम्हाला लेखी मिळाले पाहिजेत. नाटकाचा धंदा शनिवार-रविवारचा. गडकरी रंगायतन असो, घाणेकर असो, वाशीचं भावे, कल्याणचं अत्रे किंवा डोंबिवलीचं फुले कलामंदिर, तारखा कितीतरी आधी वाटल्या जातात आणि त्या हलत नाहीत. “अगं, आपण ॲडजस्ट करू ना” असं प्रॉडक्शनचा माणूस फार गोड बोलेल. दुसऱ्या दिवसाचा कॉल टाइम आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतो, तेव्हा ते ॲडजस्टमेंट कुठे जातं हे मालिकेत काम करणाऱ्या कुठल्याही मैत्रिणीला विचारा. चार रविवार लेखी देत नसतील तर नाही म्हणा. तो नकार बाईंसाठी देऊ नका. वर्षभरात शून्य प्रयोग झाले तर सिंधू तुमच्या अंगातून निघून जाईल, आणि राग कशाचा आला होता हेही आठवणार नाही, एवढ्यासाठी द्या.

करारात आणखी काही कलमं बघून घ्या. ‘किमान एक वर्ष’ हे बंधन तुमच्यावर आहे की त्यांच्यावरही? टीआरपी घसरला की मालिका तिसऱ्या महिन्यात बंद होते आणि मोठ्या जावेला एका भागात लंडनला पाठवून देतात. तुम्ही मात्र वर्षभर दुसरीकडे काम करायचं नाही, असं कलम असलं तर ते खोडा. मनाई असलीच तर ती दुसऱ्या वाहिन्यांपुरती असावी, रंगभूमी त्यातून वगळलेली आहे हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. वीस दिवस म्हणजे जास्तीत जास्त वीस की कमीत कमी? बारा तासांनंतरच्या कामाचे पैसे वेगळे का? सोडायचं झाल्यास नोटीस किती दिवसांची? हा कागद ओळखीच्या कलाकाराला नाही, वकिलाला दाखवा. ठाणे कोर्टाच्या आसपास ढीगभर आहेत, पण करारांचं काम करणारा शोधा.

नृत्य करणाऱ्या, कीर्तन करणाऱ्या, शास्त्रीय गाणाऱ्या बऱ्याच जणी याच वळणावर मला लिहितात. “माझी कला की पोट” असा प्रश्न त्या घालतात. प्रश्न असा घातला की उत्तर रडूनच येतं. त्यापेक्षा वर्षाचं कॅलेंडर काढा आणि मोजा, आपल्या कलेचं खरोखरचं काम, प्रेक्षकांसमोरचं, किती दिवस झालं? जे निघेल त्यावर बोला. ज्यांचे पन्नास दिवस निघतात त्यांनी मालिकेचा मोह टाळावा. ज्यांचे बारा निघतात त्यांनी कलेच्या नावाने घरी बसू नये.

बाकी दारंही आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा गट आहे, संस्कृत नाटकांचाही आहे. तुम्ही कधी ‘शाकुंतल’ मूळ संस्कृतात केलं आहे का? शब्द गाण्याशिवाय कसे उभे राहतात याचं ते उत्तम शिक्षण आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप 25 ते 40 वयासाठी असते, दोन वर्षं दरमहा 10,000 रुपये. ‘सिंधूची भूमिका बसवण्याच्या बदलत गेलेल्या पद्धती’ हा विषय तुमच्याइतका कुणाला जमेल? अर्ज कटकटीचा आहे, पण मुदत आली की करून टाका. वयाची सहा वर्षं हातात आहेत. रत्नागिरीत, पुण्यात, गोव्यात संगीत नाटकांना अजून माणसं येतात. तिथल्या संस्थांना पाहुणी नटी म्हणून तुमचं नाव माहीत आहे का, की तुमच्या संस्थेच्या बाहेर तुम्ही कधी विचारलंच नाही?

आणि सुभद्रा सोडून द्या. हे वाचून तुम्हाला मालिकेच्या प्रश्नापेक्षा जास्त लागेल, मला कल्पना आहे. बाई म्हणतात ‘सुभद्राही गेली’, तर जाऊ द्या ना, पण कुणाच्या तरी हाती सोपवून जाऊ द्या. तुमच्याकडे गाणं शिकणाऱ्यांत बावीस-तेवीसची एखादी असेलच. तिला सुभद्रा शिकवायला घ्या आणि पहिले काही दिवस गाऊ देऊ नका, नुसतं गद्य म्हणायला लावा. रुक्मिणीही हळूहळू तिच्याकडे जाईल. मालिकेच्या वर्षात तुम्ही फक्त सिंधू ठेवा. चार नाटकं जेमतेम सांभाळण्यापेक्षा एक भूमिका नव्याने बसवणं तुमच्या वेळेत होण्यासारखं आहे. संस्थेलाही एक नवी सुभद्रा मिळेल, म्हणजे तुमच्या तारखा नाहीत म्हणून प्रयोग अडणार नाहीत.

बाईंना हे सगळं प्रत्यक्ष भेटून सांगा, फोनवर नको, आणि करारावर सही करण्याच्या आधी सांगा. परवानगी मागायला जाऊ नका, त्यांनी ‘नको’ म्हटलं तर तुम्ही पुन्हा इथेच येऊन पोचाल. ठरवलंय, असं सांगा. त्या दोन महिने बोलणार नाहीत कदाचित. नव्या मुलीची सुभद्रा बसवायला त्यांना बोलवा, येतील.

नवऱ्याला आणि सासूबाईंना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा: मालिकेचे पैसे हातात यायला साधारण 90 दिवस लागतात. पहिले तीन महिने दिवसभर सेटवर असाल आणि खात्यात काहीच नसेल. त्यामुळे शिकवण्या बंद करू नका, रविवारी सकाळच्या करा. दुपारी प्रयोग असेल त्या रविवारी शिकवणीच्या मुलींना नाट्यगृहातच बोलवा, पडदा उघडायच्या आधी तासभर ऑर्गन रिकामाच असतो.